कबुलीचा कर्ता

‘मागील अंकातील एका लेखात काही मजकुराचा संदर्भ देणे अनवधानाने राहून गेले. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ हे वाक्य मराठी वाचकाने अनेकदा वाचलेले आहे. ते बहुधा शेवटच्या पानावर, वर्गणीच्या दरांशेजारी, चौकटीत आणि मूळ लेखापेक्षा बारीक टायपात असते. कोणता लेख, कोणता मजकूर, मूळ कोणाचा आणि किती ओळींचा, यांपैकी काहीही त्यातून कळत नाही. व्याकरणाच्या तासाला या निवेदनात दुसऱ्याचा मजकूर उचलणारा माणूस शोधायला सांगितले तर विद्यार्थी अडचणीत येतील, कारण पहिल्या वाक्यात माणूसच नाही. पावसाळ्यात लोकलमध्ये छत्री राहून जावी तसे संदर्भ देणे आपले आपण राहून गेले आहे. दुसऱ्या वाक्यात माणसे आहेत, पण ती ‘आम्ही’ आहेत आणि ती माफी मागत नाहीत, ती दिलगीर आहेत. दिलगीर या फारसी शब्दाचा अर्थ खिन्न, कष्टी असा आहे. माफी मागायची तर ती देणारा कोणी तरी समोर लागतो. दिलगीर मात्र एकट्याला घरबसल्या होता येते.

उचलेगिरी उघडकीस आल्यावर लिहिणाऱ्याने कसे वागावे, हा प्रश्न आपण मनाच्या मोठेपणाचा समजतो आणि म्हणून कबुलीत नम्रता किती, पश्चात्ताप किती, आवाज किती कातर, याचीच मोजदाद करत बसतो. मला तो हिशेबाचा प्रश्न वाटतो. दुसऱ्याच्या खात्यातली रक्कम आपल्या खात्यावर जमा झालेली आहे. ती कोणाची, किती आणि कोणत्या मार्गाने आली हे लिहून ती परत करणे म्हणजे कबुली. ज्या कबुलीतून ही नोंद दुरुस्त होत नाही ती कितीही हृदयस्पर्शी असली तरी मूळ लेखकाच्या दृष्टीने निरुपयोगी असते आणि ज्या कबुलीतून ती दुरुस्त होते ती रुक्ष असली तरी शोभून दिसते.

हे मी काठावर बसून सांगत नाही. २००६ च्या दिवाळीत एका अंकात माझा गिरणगावावरचा लेख छापून आला. १९८२ च्या संपाला पंचवीस वर्षे होत आली होती, गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहत होते आणि परळ-लालबागविषयी जो तो हळवे होऊन लिहीत होता, मीही लिहिले. त्या लेखात खानावळींवरचे तीन परिच्छेद होते आणि ज्यांनी ज्यांनी लेख वाचून फोन केले त्यांनी नेमके तेच वाखाणले. ते माझे नव्हते. मध्य मुंबईतल्या एका वाचनालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एका निवृत्त गिरणी कारकुनाने लिहिलेल्या आठवणींतून मी ते उतरवून घेतले होते. दोन-चार क्रियापदे बदलली होती, एका लांब वाक्याची दोन केली होती आणि एवढी मशागत केली म्हणजे जमीन आपल्या नावावर होते, अशी स्वतःची समजूत घातली होती.

डिसेंबरात त्या कारकुनांच्या मुलीचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. “सर, तुमच्या लेखात ‘सवतीची खानावळ’ आलीय, ती नक्की कुठं होती?” असे त्यांनी विचारले. मी लालबागच्या बाजूला वगैरे काहीतरी सांगितले. त्या म्हणाल्या, “तसं नाव कुठल्याच खानावळीला नव्हतं. लग्नानंतरही बाबा अधूनमधून तिथंच जेवून यायचे, म्हणून आई तिला सवत म्हणायची. ते आमच्या घरातलं नाव आहे.” नकाशे तयार करणारे लोक चोराचा माग लागावा म्हणून आपल्या नकाशात एखादी खोटी गल्ली मुद्दाम घालून ठेवतात, असे मी कुठेतरी वाचले होते; इथे एका बाईने नवऱ्याला मारलेला टोमणा इतक्या वर्षांनी तेच काम करून गेला.

मी उत्तर दिले, “वाचनात आलं असेल, नकळत उतरलं असेल.” हे खोटे होते. माझ्या वहीत त्या उताऱ्याच्या डोक्यावर ‘स्म.’ अशी स्मरणिकेची खूण होती आणि ती माझ्याच हाताने केलेली होती. नकळत या शब्दाविषयी मी त्यानंतर फार कडवट झालो आहे. वाचलेले विसरून जाणे आणि पुढे ते आपलेच म्हणून सुचणे, असे खरोखर घडते. संगीतात तर ते फारच घडते. पण सलग तीन परिच्छेद, त्यांतल्या उदाहरणांच्या क्रमासकट, नकळत सुचत नाहीत.

फोन ठेवल्यानंतर मला सरळ होण्यास अकरा दिवस लागले. त्या दिवसांत मी स्मरणिका पुन्हा मिळवली, लेखातले शब्द मोजले आणि उचललेला मजकूर एकूण लेखाच्या अमुक एक हिश्शापेक्षा कमीच आहे असा दिलासा शोधला. दोन मित्रांचा सल्ला घेतला. एकाने वकील गाठ म्हटले, दुसऱ्याने एवढे काय मनाला लावून घेतोस म्हटले. पत्राचे मसुदे केले. पहिल्यात ‘माझ्याकडून’ होते, दुसऱ्यात ‘माझ्या हातून’, तिसऱ्यात ‘घाईगडबडीत’; ‘मी’ हा शब्द चौथ्या मसुद्यात अवतरला. मराठीचे भूतकाळातले सकर्मक क्रियापद या बाबतीत मोठे उद्बोधक आहे. ‘मी उतारा उचलला’, ‘मी ओळ उचलली’, ‘मी परिच्छेद उचलले’ या वाक्यांत क्रियापद उचलणाऱ्याच्या लिंगवचनाकडे ढुंकूनही पाहत नाही, ते उचललेल्या मालाप्रमाणे चालते. मात्र ‘मी’ला त्या वाक्यातून सुटका नसते. कबुलीची रचना नेमकी अशीच असायला हवी, असे मला त्या चौथ्या मसुद्यावर बसलेला असताना वाटले.

बाराव्या दिवशी मी त्या बाईंच्या घरी गेलो आणि माफी मागितली. त्यांचे वडील काही वर्षांपूर्वी गेले होते. त्यांनी माझे बोलणे ऐकून घेतले आणि विचारले, “हे छापणार ना?” संपादक भले गृहस्थ होते, पण अंकाचे नाव खराब होईल याची त्यांना धास्ती होती, त्यांनी सहा ओळींची चौकट देऊ केली. ते बाईंना कळवले तेव्हा त्या म्हणाल्या, “तीन परिच्छेद घेतलेत आणि सहा ओळी देताय?” या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते आणि संपादकांकडेही नव्हते. अखेर पुढच्या दिवाळीत त्यांच्या वडिलांच्या आठवणी त्यांच्या नावाने, अनुक्रमणिकेत योग्य जागी, संपूर्ण छापल्या गेल्या आणि त्यांच्या माथ्यावर माझी चार वाक्ये आली, ज्यांतल्या प्रत्येकाची सुरुवात ‘मी’ने होती. त्यानंतर दरवर्षी येणारी दोन व्याख्यानांची निमंत्रणे बंद झाली. का, ते कोणी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

तळटीप आणि संदर्भसूची ही पाश्चात्त्य विद्यापीठांची खुळे आहेत, आपल्याकडे ज्ञान सर्वांचे मानले जात असे, असा युक्तिवाद या विषयावरच्या प्रत्येक चर्चेत कोणी तरी करतोच. त्याला उत्तर म्हणून दहाव्या शतकाच्या आरंभीच्या राजशेखराकडे बोट दाखवता येते. हा कवी कनोजच्या दरबारी होता, पण आपले पणजोबा अकालजलद यांना तो महाराष्ट्राचे चूडामणी म्हणतो. त्याने ‘काव्यमीमांसा’ या आपल्या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथाचे तीन अध्याय शब्दांच्या आणि अर्थांच्या हरणासाठी, म्हणजे चोरीसाठी, राखून ठेवले आहेत, त्यावरूनच प्रश्न किती जुना आहे हे कळावे. माणसाने केलेली इतर चोरी काळाच्या ओघात विरून जाते, वाणीची चोरी मात्र मुले-नातवंडे झाली तरी विरत नाही, हे जुने वचन तो उद्धृत करतो. पुढे तोच थोडा मिस्कील होऊन म्हणतो, ‘नास्त्यचौरः कविजनो नास्त्यचौरो वणिग्जनः’. चोर नसलेला कवी नाही आणि चोर नसलेला व्यापारी नाही, ज्याला लपवण्याची कला साधते तो निंदेवाचून मजेत राहतो. घरचा अनुभवही त्याला होता. त्याच्या नावावर असलेल्या एका श्लोकात कादंबरीराम नावाचा नाटककार अकालजलदांचे श्लोक जणू स्वतःचेच म्हणून वापरून प्रसिद्धीस आला, अशी तक्रार आहे.

मला सर्वांत मोलाची वाटते ती त्याच ग्रंथात त्याची पत्नी अवंतिसुंदरी हिच्या तोंडी आलेली सबबींची यादी. हा कवी अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध. याला प्रतिष्ठा नाही, मला आहे. याची वाणी गुळवेलीसारखी कडू, माझी द्राक्षासारखी गोड. याची भाषा कोणी मानत नाही, माझी मानतात. या रचनेचे जाणकार आता उरलेले नाहीत. हिचा कर्ता दूरदेशी आहे. अशा कारणांनी शब्द आणि अर्थ उचलण्याकडे कवीचे मन वळावे, असे ती म्हणते. हजार वर्षांनंतर या यादीत भर घालावी असे फारसे काही सापडत नाही. मी ज्या माणसाचे परिच्छेद उचलले तो अप्रसिद्ध होता, त्याला प्रतिष्ठा नव्हती, स्मरणिका वाचणारे बहुतेक हयात नव्हते. उचलणारा कधी आपल्याहून मोठ्या नावावर हात टाकत नाही. पाडगावकरांची ओळ कोणी स्वतःच्या नावावर खपवायला जात नाही, कारण ती पकडली जाईल. उचल नेहमी उताराच्या दिशेने होते, आणि म्हणूनच कबुलीला चढ चढावा लागतो.

संतांच्या परंपरेत ‘सर्व काही सर्वांचे’ होते, हेही तपासून पाहिले तर टिकत नाही. अभंगाच्या शेवटी येणारी ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा उगाच आलेली नाही. तुकोबांच्या हयातीतच त्यांचे शब्द मोडून स्वतःच्या नावावर मिरवणारे निघाले होते, आणि ‘मोडूनि संतांचीं वचनें । करिती आपणां भूषणें’ असे त्यांनी सालोमालो नावाच्या अशाच एकाला सुनावले आहे. उलट बाजूला ज्ञानदेव आहेत, जे गीतेवरचे एवढे मोठे काम संपवताना ‘व्यासाचा मागोवा घेतु । भाष्यकारातें वाट पुसतु’ असे सांगून जातात. वाट विचारली होती, हे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. नाटकांच्या जाहिरातीत ‘रूपांतर’ आणि ‘आधारित’ हे शब्द ठळक छापण्याची मराठी रंगभूमीची रीतही याच कुळातली. ‘ती फुलराणी’ शॉच्या नाटकावरून आली हे पुलंनी दडवले नाही आणि त्यामुळे प्रेक्षकांच्या लेखी ती उणी झाली नाही.

आता काही गाजलेली प्रकरणे पाहू. जर्मनीचे तत्कालीन संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सु गुटेनबर्ग यांचे फेब्रुवारी २०११ मधले दोन आठवडे कबुली कशी देऊ नये याचा वस्तुपाठ आहेत. डॉक्टरेटच्या प्रबंधातली उचल बाहेर आली तेव्हा त्यांनी आरोप निरर्थक ठरवला. दोन दिवसांनी पदवी तूर्त लावणार नाही म्हणाले. आणखी तीन दिवसांनी ती कायमची सोडतो म्हणाले. मग बायरॉइट विद्यापीठाने ती काढूनच घेतली आणि १ मार्चला मंत्रिपदाचा राजीनामा आला. पाहणाऱ्याला असे दिसत होते की लोक जेवढे सिद्ध करतात तेवढेच ते मान्य करतात. हप्त्याहप्त्याने दिलेली कबुली कबुली राहत नाही, ती घासाघीस होते. त्या वेळी त्यांची आपल्याला लाज वाटते असे जाहीरपणे म्हणणाऱ्या शिक्षणमंत्री आनेट शावान यांचीही डॉक्टरेट पुढे याच कारणाने रद्द झाली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांना पद सोडावे लागले, हे जाता जाता नोंदवून ठेवण्यासारखे आहे. दुसऱ्याच्या उचलीवर तोंडसुख घेण्याआधी आपल्या जुन्या वह्या चाळाव्यात.

याच्या उलट उदाहरण मुंबईत जन्मलेल्या आणि इथेच शाळा शिकलेल्या अमेरिकी पत्रकार फरीद झकेरिया यांचे आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये ‘टाइम’मधल्या त्यांच्या स्तंभातील मजकूर इतिहासकार जिल लेपोर यांच्या ‘न्यू यॉर्कर’मधल्या निबंधाशी जुळत असल्याचे दाखवून देण्यात आले. त्यांच्या निवेदनात आरोपाचा उल्लेख झाल्यावर लगेच, आरोप करणाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे, अशा अर्थाचे एक अगदी छोटे वाक्य होते. त्यानंतर चूक सर्वस्वी माझी, आणि माफी आधी लेपोर यांची, मग संपादकांची, मग वाचकांची. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडची निवेदने जवळजवळ नेहमी ‘वाचकांची’ माफी मागून थांबतात, जणू वाचकाचेच काही चोरीला गेले होते. झकेरिया यांच्यावरची निलंबनाची कारवाई आठवड्याभरात मागे घेतली गेली. त्या निवेदनात एक उणीव मात्र होती: हे घडले कसे, याविषयी त्यात काही नव्हते. दोन वर्षांनी त्यांच्या जुन्या लेखनाबद्दल पुन्हा प्रश्न उपस्थित झाले, तेव्हा ती जागा रिकामी असल्याचे जाणवले. ‘कसे’ हे सांगितले नाही तर वाचक प्रत्येक जुने पान संशयाने उलटू लागतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

आपल्या घरचे उदाहरण डॉ. रघुनाथ माशेलकर यांचे. त्यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने पेटंट कायद्याविषयीचा अहवाल डिसेंबर २००६ च्या अखेरीस केंद्र सरकारला सादर केला. त्यातला एक कळीचा भाग कायद्याचे अभ्यासक शमनाद बशीर यांच्या निबंधातून जसाच्या तसा आला असल्याचे लवकरच उघड झाले. फेब्रुवारी २००७ मध्ये माशेलकरांनी अहवाल मागे घेतला आणि दुरुस्त अहवाल २००९ मध्ये सादर झाला. मसुदा कोणीही केलेला असो, अध्यक्षाच्या सहीने गेलेला संपूर्ण अहवाल परत मागवणे ही आपल्या सार्वजनिक जीवनात दुर्मीळ असलेली कृती होती आणि तिचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. मला खटकतो तो त्या वेळी वापरला गेलेला ‘तांत्रिक त्रुटी’ हा शब्दप्रयोग. कृती एवढी स्वच्छ असताना तिला असे सरकारी पांघरूण घालण्याचे कारण नव्हते. औषधांच्या किमतीवर परिणाम करणाऱ्या अहवालात मजकूर कुठून आला, हा प्रश्न तांत्रिक कसा असेल? कृती आणि शब्द यांपैकी एकच निवडायचे असेल तर मी अर्थात कृती निवडीन. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांनी २०१३ मध्ये तसेच केले. वनस्पतींवरच्या त्यांच्या नव्या पुस्तकात इतरांचा मजकूर आढळल्यावर प्रकाशन लांबवले गेले, आपण टिपणे काढण्यात पुरेशा शिस्तीच्या नाही हे त्यांनी सांगितले, आणि वर्षभराने पुस्तक आले ते शेवटी लांबलचक टिपा घेऊन. वयाच्या ऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, एवढी कीर्ती गाठीशी असताना, बसून टिपा जोडणे हे मला कोणत्याही निवेदनाहून देखणे वाटते.

नियम आणि कायदे या बाबतीत कितपत मदत करतात? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याला आळा घालण्यासाठी विनियम केले. त्यांनुसार प्रबंधातले साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांत दुरुस्त प्रबंध द्यायचा. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर बंदी. त्यापुढे नोंदणीच रद्द. अध्यापकांच्या प्रकाशित लेखनासाठी वेतनवाढ रोखणे आणि काही वर्षे नवे संशोधक विद्यार्थी न देणे अशा शिक्षा आहेत. नियम नसण्यापेक्षा हे बरे, यात शंका नाही. तरी या पायऱ्या टक्क्यांनी आखलेल्या आहेत. कबूल करणारा आणि शेवटपर्यंत नाकारणारा या दोघांत त्या फरक करत नाहीत. त्यामुळे कालिन्याच्या आवारात प्रबंध टाइप करून देणाऱ्यांच्या दुकानांत ‘साम्य दहाच्या आत आणून देणे’ हेच उद्दिष्ट होऊन बसते, म्हणजे राजशेखराची लपवण्याची कला टक्क्यांत मोजली जाते. शिवाय मराठीत साम्य तपासणाऱ्या यंत्राची नजर अधू आहे. जुना मजकूर युनिकोडपूर्व टंकांत किंवा नुसत्या छायाचित्रांच्या रूपात पडून आहे आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतर करून उचललेले तर यंत्राला सहसा दिसतच नाही. इथे चोरी पकडते ती कोणाची तरी आठवण. माझ्या बाबतीत ती एका मुलीची होती.

कायदा थोडा अधिक उपयोगी आहे, पण वेगळ्या कारणासाठी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे सत्तावन्नावे कलम लेखकाला असा अधिकार देते की कॉपीराइट विकून टाकल्यानंतरही ‘हे मी लिहिले’ असा दावा त्याला करता येतो. पैसे दिले म्हणजे नावही विकत घेतले, असे होत नाही. मुंबईच्या चित्रपटधंद्याला हे पचलेले नाही. २००८ मध्ये एका जाहिरातीची धून हिंदी चित्रपटाच्या गाण्यांत वापरल्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला, प्रदर्शन अडले आणि दोन कोटी रुपयांवर तडजोड झाली. संगीतकाराला मोबदला मिळाला हे योग्यच, पण अशा तडजोडींनी बाकीच्यांना शिकवण मिळते ती दर ठरवण्याची.

कबुलीच्या विरोधात गंभीर आक्षेप दोन आहेत. पहिला वकिलांचा: लेखी कबुली दिलीत तर ती न्यायालयात तुमच्या अंगावर येईल. कॉपीराइटभंगाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तेव्हा हा सल्ला हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण उचलेगिरी आणि कॉपीराइटभंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या लेखकाला जाऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला त्याचे लेखन छापायला परवानगी लागत नाही, तरी ते स्वतःच्या नावाने छापणे उचलेगिरीच असते. आणि तिथे वकिलाची ढाल पुढे करणारे लेखकही मी पाहिले आहेत. जिथे दाव्याची भीती खरी आहे तिथेही सर्व पुरावे छापील स्वरूपात उपलब्ध असताना नाकारून काय साधते, हे मला समजलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. कबूल करणाऱ्याला आपला समाज जगू देत नाही, मग त्याने का करावे? मुंबईच्या साहित्यवर्तुळात उचलीची चर्चा कुजबुजीत होते. अमक्याचा तो लेख कुठून आला हे दादरपासून गिरगावापर्यंत सर्वांना ठाऊक असते, पण छापून कोणी लिहीत नाही, कारण उद्या त्याच्याच हातून पुरस्कार घ्यायचा असतो. गप्प राहणाऱ्याला ही कुजबुजच काय ती सोसावी लागते. कबूल करणाऱ्याच्या नावापुढे मात्र तो डाग कायमचा छापला जातो. असा दर असेल तर शहाणा माणूस गप्पच बसणार. हा दर बदलण्याचे काम उचलणाऱ्याचे नाही, ते संपादकांचे, विद्यापीठांचे आणि वाचकांचे आहे. आपण होऊन, नेमकेपणाने, मूळ लेखकाचे नाव घेऊन कबूल करणाऱ्याला पुन्हा लिहिण्याची वाट मोकळी असली पाहिजे, आणि पुरावा समोर असताना ‘अनवधान’ सांगणाऱ्याला अंकाची दारे काही वर्षे बंद असली पाहिजेत. आज बहुधा नेमके उलटे होते.

या सर्वांत मी विद्यार्थ्यांना वेगळे काढतो. दहावीपर्यंत ज्या मुलाला गाइडमधले उत्तर जसेच्या तसे उतरवल्याबद्दल पैकीच्या पैकी गुण मिळाले, निबंधही पाठ करून लिहायला शिकवला गेला, त्याला एम.ए.च्या वर्गात अचानक चोर म्हणणे हा ढोंगीपणा आहे. त्याला आधी उद्धरणचिन्ह म्हणजे काय ते कोणी तरी शिकवायला हवे. पण ही सवलत त्याच्या मार्गदर्शकाला देता येत नाही. शोधनिबंधावर नाव लावताना जो पुढे असतो तो उचल सापडताच विद्यार्थ्याकडे बोट दाखवतो, हे दृश्य आपल्या विद्यापीठांना नवे नाही. श्रेयात ज्याचा वाटा असेल त्याचा कबुलीतही तेवढाच वाटा असावा, आणि लेखनात तीस वर्षे घालवलेल्या माणसाने टंकलेखकावर, सहायकावर किंवा मुद्रितशोधकावर दोष ढकलू नये, ही अपेक्षा फार नाही.

संपादकांना माझी एक व्यावहारिक सूचना आहे. जुन्या मराठी पुस्तकांत शेवटी, कधी कधी सुरुवातीलाच, शुद्धिपत्र जोडलेले असे: पृष्ठ अमुक, ओळ अमुक, अशुद्ध, शुद्ध. लेखकाला त्यात कमीपणा वाटत नसे. उचलीची दुरुस्ती त्याच घाटात करता येईल. पृष्ठ कोणते, परिच्छेद कोणते, मूळ लेखक कोण, मूळ कुठे प्रसिद्ध झाले, आणि खाली उचलणाऱ्याची सही. लेख ज्या पानावर सुरू झाला होता त्याच पानावर, त्याच टायपात. इंटरनेटवर लेख असेल तर तो गुपचूप काढून टाकण्याऐवजी त्याच्या माथ्यावर हे शुद्धिपत्र लावून तो तसाच ठेवावा, कारण काढून टाकल्याने नोंद दुरुस्त होत नाही, नुसती नाहीशी होते.

माझ्या स्वतःच्या बाबतीत ही नोंद अजून पुरी झालेली नाही. कबुली २००७ च्या अंकात आहे. २००६ चा अंक ज्याच्या हाती पडेल त्याला ते तीन परिच्छेद आजही माझेच वाटतील. म्हणून माटुंग्याला किंवा फोर्टातल्या पदपथावर जुनी पुस्तके चाळताना तो अंक दिसला की मी तो विकत घेतो, लेखाच्या पहिल्या पानावर मूळ लेखकाचे नाव, स्मरणिकेचे वर्ष आणि माझी सही असलेली छापील चिठ्ठी डकवतो आणि एखाद्या वाचनालयाला देऊन टाकतो. आतापर्यंत अशा चार प्रती झाल्या. चौथी गेल्या महिन्यात मिळाली, पन्नास रुपयांना. विक्रेत्याने अंक उलटसुलट करून पाहिला आणि यात विशेष काय आहे म्हणून विचारले, तेव्हा मी त्याला खानावळींवरचे ते पान काढून दाखवले.